टेकडी म्हणायचं नाही

दोनशे फूट उंचीच्या डोंगरावर जीव लावून त्यापायी उरलेल्या सगळ्या जगाशी वैर पत्करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. 'डोंगर' हा शब्द मी केवळ त्यांच्या धाकानं लिहितो आहे. मी पुण्याचा. आमच्याकडे पर्वतीलासुद्धा लोक टेकडी म्हणतात आणि पर्वतीला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही. पण आमच्या साडूंसमोर त्यांच्या त्या उंचवट्याला कुणी टेकडी म्हटलं, की ते हातातला चहाचा कप खाली ठेवतात, चष्मा काढतात आणि अगदी हळू आवाजात विचारतात, "काय म्हणालात?" त्यानंतरचा पाऊण तास गेला असं समजायचं. गेल्या सोळा वर्षांत माझे असे इतके पाऊण तास गेले आहेत, की तेवढ्यात माझी पीएच.डी. झाली असती.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी आणि बहिणीला ताई म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो. मूळचे राजापूरचे. चाळीसेक वर्षांपूर्वी नोकरीसाठी इलिनॉयला आले, पंप बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. आता ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांना सांगतो, की इलिनॉय पोळपाटासारखं सपाट आहे. शॉमबर्गमधल्या आमच्या घरातून बाहेर पाहिलं तर नजरेला अडवणारी सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे पाण्याची टाकी. अशा ठिकाणी डोंगर आला कुठून? तर तो लोकांनी केला. भाऊजी आले तेव्हा त्या जागी आसपासच्या गावांचा कचरा टाकायचा डेपो होता. ढीग वाढत वाढत इतका मोठा झाला, की शेवटी डेपो बंद करून त्यावर मातीचे थर दिले, गवत लावलं, आतला गॅस बाहेर पडायला जागोजागी लोखंडी पाइप उभे केले, एक खुर्च्यांची लिफ्ट बसवली आणि हिवाळ्यात मशीननं बर्फ मारून स्कीइंग सुरू केलं. डेपो बंद होऊन तीस वर्षं होत आली, पण सीगल पक्ष्यांना ते कुणी कळवलेलं नाही. ते अजून सवयीनं येतात आणि उतारावर पाय दुमडून बसतात.

म्हणजे ज्याला हे गृहस्थ डोंगर म्हणतात तो मुळात उकिरडा आहे. हे मी एकदा, नवा होतो तेव्हा, तोंडावर बोललो. भाऊजींनी कप खाली ठेवला, चष्मा काढला. "उकिरडा? तुमच्या ताईचा पहिला मिक्सर आहे त्यात. लग्नात आलेला. इथल्या करंटवर चालेना, नुसता गुरगुरायचा. मी माझ्या हातांनी नेऊन टाकलाय. आमचा पहिला सोफा आहे. रेवाचा पाळणा आहे. तुमचे ते मोठे मोठे पर्वत देवानं केले असतील, साडूभाऊ. हा आम्ही केलाय." रेवा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो मिक्सर चांगला होता. ट्रान्सफॉर्मर आणला असता तर चालला असता." हा वाद त्यांच्यात अजून मिटलेला नाही.

माझा या डोंगराशी परिचय करून दिला गेला तो दिवस मी विसरू शकत नाही आणि माफही करू शकत नाही. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा अमेरिकेत उतरलो. जानेवारीचा महिना, चोवीस तासांचा प्रवास, माझ्या अंगात आईनं विणलेला स्वेटर. विमानतळावर भाऊजी न्यायला आले होते. गाडी सुरू झाली, तास झाला, घर काही येईना. शेवटी गाडी थांबली ती डोंगराच्या पायथ्याशी. "आधी हे बघून घ्या, घर कुठे पळून जातंय?" असं म्हणून त्यांनी डिकीतून, आमच्या बॅगांच्या खालून, स्की काढल्या. ताई गाडीतच बसून राहिली. तिनं थर्मासमधून चहा ओतून घेतला आणि माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. मी त्या दुपारी अकरा वेळा पडलो. अमेरिकेतल्या घराचा उंबरा ओलांडायच्या आधी मी अमेरिकेची जमीन अकरा वेळा तोंडानं चाखली होती. बायको हसत होती, आणि आमच्या संसाराची पहिली धुसफूस तिथे त्या पार्किंगमध्ये झाली.

नियम सगळ्यांना सारखा. त्यांच्या घरी हिवाळ्यात आलेल्या पाहुण्याला डोंगर उतरल्याशिवाय जेवण मिळत नाही. पुण्याहून आलेले एक ऐंशी वर्षांचे काका होते, त्यांना भाऊजींनी खुर्चीच्या लिफ्टमधून वर नेऊन नुसता देखावा दाखवून खाली आणलं. देखावा म्हणजे हायवे आणि दोन गोदामं. "काय दिसलं, काका?" असं भाऊजींनी मोठ्या उत्साहानं विचारलं. काका म्हणाले, "थंडी." भाऊजी त्या काकांवरही वर्षभर रागावले होते.

स्कीच्या तळाला घासायला लोक दुकानातून मेण आणतात. आमचे साडू कोकमतेल लावतात. राजापूरहून येणारं प्रत्येक माणूस त्यांच्यासाठी कोकमतेलाचे पांढरे गोळे घेऊन येतं. तोच गोळा रात्री ताईच्या टाचांच्या भेगांना आणि सकाळी स्कीला. एकदा त्यांनी मला न विचारता माझ्याही स्कीला ते तेल चोपडलं. थंडी कडक होती, तेल घट्ट झालं, आणि मी भर उतारावर मैलाच्या दगडासारखा उभा राहिलो. चार-पाच वर्षांची पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी सुळकन निघून जात होती आणि मी काठ्या मारमारून स्वतःला खाली ढकलत होतो. डोंगर उतरायला माणूस घामाघूम झाला, हे त्या ठिकाणी पहिल्यांदाच घडलं असावं. खाली भाऊजी वाट बघत उभे होते. "बघा," ते म्हणाले, "किती कंट्रोल आहे."

मोठ्या पर्वतांवर जाऊन आलेल्या माणसांवर तर त्यांचा विशेष दात. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला एक नवीन मुलगा आला होता, नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. तो बिचारा कौतुकानं कोलोरॅडोचे फोटो दाखवत होता. भाऊजींनी सगळे फोटो बघितले आणि मग वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. वर्षातून किती वेळा जातोस? एकदा. किती दिवस? तीन. दिवसातून किती वेळा खाली येतोस? पाच-सहा वेळा, काका, खूप लांब रन असतात ना. "मी आठवड्यातून चार दिवस जातो आणि दिवसाला पंचवीस वेळा खाली येतो," भाऊजी म्हणाले. "आता तूच सांग, रोज घरी वरणभात जेवतो तो जेवणारा, की वर्षातून एकदा पंगतीला बसतो तो?" मुलगा म्हणाला, "काका, पण व्ह्यू बघा ना यार." भाऊजींनी चष्मा काढला. तो मुलगा पुढच्या वर्षी पार पश्चिम किनाऱ्याला, रेडमंडला बदली घेऊन गेला. भाऊजी त्याचं श्रेय स्वतःकडे घेतात.

संक्रांतीला मात्र हा माणूस वेगळा दिसतो. काळं जाकीट घालायचं, खिशात तिळाच्या वड्या भरायच्या आणि लिफ्टवरच्या माणसांपासून हेल्मेट भाड्यानं देणाऱ्या पोरींपर्यंत सगळ्यांना एकेक द्यायची. वड्या त्या थंडीत फरशीसारख्या कडक होतात. लिफ्ट चालवणारी डोना नावाची बाई आहे, भाऊजींच्याच वयाची. ती वडी आधी हातमोज्यात घालून ठेवते आणि तासाभरानं खाते. तीळगूळ घेतला की त्या माणसानं वर्षभर डोंगराबद्दल गोड बोलायचं, असा भाऊजींनी परस्पर करार करून टाकला आहे. तीळगूळ घेऊन उलट बोललेला एकच माणूस त्यांच्या लेखी या जगात आहे, आणि तो मी.

माझा गुन्हा एवढाच, की मी एकदा फोनवर त्या डोंगराची उंची मोजली. खाली पाटीवर दोनशे फूट लिहिलेलं आहे. फोन चार फूट कमी दाखवत होता. मी इंजिनिअर माणूस, मी सरळ सांगितलं, की आत कचरा आहे, तो कुजतो, बसतो, तेव्हा हा दरवर्षी थोडा थोडा खचत असणार. भाऊजींचा चेहरा असा झाला, जसा काही मी त्यांच्या वडिलांबद्दल बोललो. "डोंगर खचत नाही. तुमचा फोन स्वस्तातला आहे." पुढे महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. निरोप ताईमार्फत यायचे. खचण्याचा विषय त्यानंतर मी दर हिवाळ्यात काढला आणि दर हिवाळ्यात आम्ही तितकंच कडाक्यानं भांडलो. माथ्यावर, लिफ्ट संपते तिथे, एक पाइप आहे. त्याच्यापाशी ते दर मार्चमध्ये वाकून काहीतरी करत असत. मला वाटायचं, गॅसच्या पाइपावर हात शेकताहेत. आता तेवढं वेड त्यांच्यात असणार असं धरून चालायची मला सवय झाली होती.

पण माझ्याशी धरलेला अबोला काहीच नाही, असा अबोला त्यांनी रेवाशी धरला, आणि तिथे मात्र मला मनापासून राग आला होता. रेवा सात वर्षांची होती तेव्हा तो डोंगर सुरू झाला. बाप-लेक एकाच दिवशी स्कीइंग शिकले. बाप चाळिशीला टेकलेला, दोघं एकमेकांना धरून पडायचे. पुढे ती मोठी झाली, कोलोरॅडोला नोकरीला गेली, तिथेच लग्न केलं, मुलगी झाली. दोन वर्षांपूर्वी फोनवर बोलता बोलता ती हसून म्हणाली, "बाबा, क्यूट आहे हो तो, पण तो डोंगर नाही, बंप आहे." बस्स. भाऊजींनी फोन ताईकडे दिला आणि जाहीर करून टाकलं, की ही मुलगी इथे येऊन एकदा हा डोंगर उतरत नाही तोवर मी तिच्या कोलोरॅडोत पाय ठेवणार नाही. मी म्हटलं, भाऊजी, हा काय पोरखेळ आहे? तर म्हणे, "तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही आधीच चार फूट खाल्लेत." त्यांनी लेकीचं नवं घर पाहिलं नाही. नातीचे दोन वाढदिवस चुकवले. ताई एकटी जायची आणि फोटो आणायची. भाऊजी ते फोटो मोठे करून करून बघायचे आणि मागे खिडकीतून डोंगर दिसत असले तर म्हणायचे, "हिला ऊन तरी मिळतं का त्या सावलीत?" मला वाटायचं, या माणसाला गदागदा हलवावं. कचऱ्याच्या ढिगासाठी कुणी नात गमावतं का?

मग गेल्या संक्रांतीला ताईनं हुकूम सोडला, की नातीचं बोरन्हाण राहिलंय, पाचवं लागायच्या आत झालंच पाहिजे, आणि ते इथेच होईल. लहान मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून, त्याच्या डोक्यावरून बोरं, कुरमुरे, उसाचे करवे असं सगळं ओतायचं, आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचं, हे ताईला आमच्या शॉमबर्गच्या हॉलमध्ये साग्रसंगीत करायचं होतं. रेवा मुलीला घेऊन आली. दोन दिवस बापलेक एकमेकांशी हवामानाबद्दल बोलले. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे नाश्त्याला गेलो होतो, तेव्हा रेवा पोह्यांत चमचा फिरवत म्हणाली, "बाबा, हिला तिथे स्की क्लासला घातलं होतं. तो सगळा माउंटन वर बघून इतकी रडली, की आता स्कीला हातसुद्धा लावत नाही. टू बिग म्हणते. तुम्ही शिकवाल का तिला? आपल्या डोंगरावर?"

ताईचा हात गॅसच्या बटणावर तसाच राहिला. भाऊजींनी कप खाली ठेवला. "आता आठवला का आमचा डोंगर," ते म्हणाले, पण आवाज नेहमीसारखा चढला नाही. मग ताईकडे वळून म्हणाले, "बोरन्हाणाचं सामान गाडीत घ्या. तिथेच करू." ताई म्हणाली, "बर्फात? लोक काय म्हणतील?" "काळे कपडेच लागतात ना? तिचा स्नोसूट काळाच आहे."

अशा रीतीनं आम्ही त्या शनिवारी, भर गर्दीत, शिकाऊ मुलांच्या उतारावर बोरन्हाण केलं. नात लहान स्कीवर उभी, हेल्मेटवर हलव्याचा मुकुट दोऱ्यानं बांधलेला, तोंड रडवेलं. बोरं इथे मिळत नाहीत म्हणून ब्लूबेरी. ताईनं औक्षण करायला निरांजन आणलं होतं, ते वाऱ्यात टिकेना, तेव्हा डोनानं स्वतःच्या टॉर्चचा उजेड पाडला. आणि मग ताईनं सूपभर कुरमुरे नातीच्या डोक्यावरून ओतले. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की कुरमुरे पांढरे असतात, हलवा पांढरा असतो आणि बर्फही पांढरा असतो. लुटायला जमलेली सात-आठ पोरं बर्फात हात घालून चाचपडत बसली. आम्हांला दिसत नव्हतं ते सीगलना बरोबर दिसलं. तीस वर्षं ज्याची वाट बघत बसले होते ते शेवटी आलं, अशा थाटात सगळा थवा वरून उतरला. एकच गोंधळ. कुणीतरी शिट्टी मारली. एका पक्ष्यानं मुकुटातला हलवा उचलला आणि तो उताराखाली उडाला.

नात क्षणभर थक्क झाली. मग "हे, दॅट्स माइन," असं म्हणून ती त्याच्यामागे निघाली. स्की पायात आहेत हे ती विसरली होती. ती सरळ घसरत गेली, वीस-पंचवीस फूट, हात पसरून, पडली नाही, खाली जाऊन आपोआप थांबली आणि मागे वळून मोठ्यांदा हसायला लागली. भाऊजी तिच्या मागे धावत होते, स्की न घालता, बुटांत बर्फ भरत. मी त्यांना कधी रडताना पाहिलेलं नाही, आणि त्या दिवशीही वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं असंच त्यांनी सांगितलं.

दुपारी बाप आणि लेक लिफ्टच्या एका खुर्चीत बसून वर गेले. मी मागच्या खुर्चीत होतो. माथ्यावर पोचल्यावर रेवानं खाली पाहिलं, हायवे पाहिला, गोदामं पाहिली. "लहानपणी किती उंच वाटायचा हो हा, बाबा," ती म्हणाली. भाऊजींनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, गेलं, दोन वर्षांनी जुळलेलं आता पुन्हा तुटणार. पण त्यांनी चष्मा फक्त पुसला.

"तेव्हा होताच उंच," ते म्हणाले. "आता खचलाय. दरवर्षी खचतो. ये, दाखवतो."

त्यांनी तिला त्या पाइपापाशी नेलं. पाइप खोल रोवलेला, तो जागचा हलत नाही. भोवतालची जमीन मात्र खाली जाते. त्या पाइपावर मार्करच्या काळ्या रेघा होत्या, एकीखाली एक, प्रत्येक रेघेशी साल. मुलांची उंची आपण दाराच्या चौकटीवर लिहितो, तशी. दर मार्चमध्ये जमीन जिथे असेल तिथे त्यांनी खूण केली होती. सगळ्यात जुनी रेघ आता रेवाच्या छातीशी आली होती. "ही केली तेव्हा तू सेकंड ग्रेडमध्ये होतीस," ते म्हणाले. "इथे उभी होतीस." रेवानं हातमोजा काढला आणि बोट त्या रेघेवरून खाली खाली, शेवटच्या रेघेपर्यंत नेलं. मग तिनं बापाच्या दंडात हात घातला आणि दोघं खाली निघाले. अर्ध्यावर भाऊजींचा गुडघा दुखला तेव्हा ती त्यांच्यासाठी थांबली.

मला इतका संताप आला, की मी वरच उभा राहिलो. चार फूट. आणि मधल्या वर्षांचे वर काही इंच. माझा फोन खरा होता आणि हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. इतकी वर्षं मी त्या उंचीवरून भांडलो, महिनामहिना अबोले सोसले, आणि हा माणूस लेकीच्या एका वाक्यावर असा बिनतक्रार हरला. निदान मला आधी सांगायचं होतं. मग मी तो विषय काढलाच नसता.

मार्चमध्ये भाऊजी कोलोरॅडोला जाऊन आले. मी विचारलं, कसे आहेत तिथले पर्वत? "मोठे आहेत," एवढंच म्हणाले. पुढे काही बोलतील म्हणून मी थांबलो, पण ते नातीचे फोटो काढून दाखवायला लागले. त्या हिवाळ्यातच त्यांना आठवड्यातून चार दिवस डोंगरावर जाणं जमेनासं झालं होतं. आता गुडघ्यामुळे एकदाच जातात. कोकमतेलाचा गोळा फडताळात तसाच पडलेला असतो.

परवा मंडळाच्या कार्यक्रमात न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून नुकतंच बदलून आलेलं एक जोडपं आमच्या टेबलाशी बसलं होतं. इकडे हिवाळ्यात करण्यासारखं काय आहे, असा विषय निघाला, आणि तो नवरा हसत म्हणाला, "इथे ती कचऱ्याची टेकडी आहे ना, तिथे म्हणे लोक स्कीइंग करतात." सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी ऐकू न आल्यासारखे चहात बघत बसले होते. मी थोडा वेळ वाट पाहिली. त्यांनी कप काही खाली ठेवला नाही. मला चष्मा नाही, म्हणून मी नुसता कप खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "काय म्हणालात?"